आज जित्ती शे

नर्मदाकाकीला मी स्वस्थ बसलेलं कधी पाहिलं नाही. भाकर खातानासुद्धा तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर असायचा. काकी म्हणजे समोरच्या घरातली बन्सीलालकाकांची बायको. नातं काही नव्हतं. लग्न होऊन ती लोणखेड्याहून तापीकाठच्या आमच्या गावात आली, तेव्हापासून गल्लीत म्हणत, हिच्या पायाला भिंगरी आहे. मूलबाळ झालं नाही. केळीच्या मळ्यात, कपाशीत, खळ्यावर, दुसऱ्याच्या लग्नातल्या चुलीपाशी, जिथे हात कमी पडेल तिथे ती दिसायची, आणि काम संपायच्या आधीच तिथून उठून दुसरीकडे निघायची.

मी सांगतो आहे ते अठ्ठावन्न सालचं, देवीच्या साथीचं. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. माझी थोरली बहीण जमनी चार वर्षांची होती, आणि तिच्या पाठीवर एक भाऊ झाला होता. त्याचं बारसं व्हायचं राहिलं होतं, म्हणून घरात सगळे त्याला नुसतं बाळ म्हणत. ही हकिकत मी मायच्या तोंडून ऐकली, जमनीच्या तोंडून ऐकली आणि काकीच्याही. तिघींचं सगळं जुळत नाही. जे जुळतं तेवढं सांगतो.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. सासुरवाशिणी माहेरी निघायच्या बेतात होत्या, पोरी झोक्यासाठी दोर मागत होत्या, आणि त्याच दिवसांत आमच्या बाळाच्या अंगावर पुरळ उठला. दोन दिवस सगळ्यांनी घामोळं म्हणून सोडून दिलं. मग मायलाही ताप भरला. पोलीस पाटलानं गावात आधीच दवंडी दिली होती की ज्याच्या घरी देवी निघतील त्यानं आजाऱ्याला गावात ठेवू नये. बानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, रतिलालनी, गाडी जुंपली. मायला आणि बाळाला आत निजवून वरून धोतर ताणलं आणि गाडी नदीकडच्या केळीच्या मळ्यात नेली. तिथे एक झोपडी होती. बाला शाळेत असताना देवी टोचलेल्या होत्या, म्हणून सेवेला तोच राहिला.

जमनी ओट्यावर उभी होती. तिला कुणी काही सांगितलं नाही. गाडी वळली तशी ती मागे धावली. शेजारच्या बायकांनी तिला हाक मारली, पण हात कुणी लावेना. देवीच्या घरातलं पोर ते. काकीच्या दंडावर टोचल्याचे मोठे वण होते. ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली, जमनीला काखेत उचललं आणि आपल्या घरात आणून भुईवर ठेवलं.

"मन्ही माय कोठे गयी?" जमनीनं विचारलं.

काकीनं जे तोंडाला आलं ते सांगून टाकलं. "खापरले गयी. आखाजी शे ना. तुन्हा मामाकडे."

खापर आमच्या मायचं माहेर. आखाजीला बाई माहेरी जाते हे पोराला कळतं, त्यामुळे ही थाप तिला पटेल असं काकीला वाटलं. पटलीही. पण त्यातून जे निघालं ते काकीच्या ध्यानात आलं नव्हतं. जमनी म्हणाली, "माले का बरं नही लई गयी?"

काकीनं तिला गुळाचा खडा दिला. जमनीनं तो मुठीत धरून ठेवला, मूठ चिकट होऊन माश्या बसेपर्यंत.

त्या दिवसापासून जमनीचं जेवण तुटलं. दूध-भाकर कुस्करून दिली तर दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची. अंथरूण ओलं व्हायला लागलं, जे बंद होऊन वर्ष झालं होतं. खापरच्या रस्त्यानं गाडीचा आवाज आला की ती पळत सुटायची. गाडी पुढे गेली की परत यायची, दारात उभी राहायची, पुन्हा पळायची. एकदा ती थेट बैलांच्या पायांशी गेली. काकीनं तिला ओढून काढलं आणि भीतीच्या भरात पाठीत धपाटा घातला. जमनी रडली नाही. ती काकीकडे नुसती बघत राहिली. काकी मला म्हणायची, "ती रडती तर माले बरं वाटतं."

गल्लीतल्या पोरांना जमनीपाशी खेळायची मनाई होती. ती लांबून बघायची. एके दुपारी पोरी झोक्यावर होत्या आणि जमनी खांबाआड उभी होती. तेव्हा एक पोरगी झोका थांबवून ओरडली, "जवळ नको येऊ व! तुन्ही मायले देवी निंघनी! ती मळामा पडेल शे!"

जमनी घरी आली. काकी निवडायला बसली होती. जमनीनं तिच्यासमोरचं सूप लाथेनं उडवलं आणि सगळी दादर ज्वारी भुईवर पसरली.

"तू खोटी शे," ती म्हणाली.

मग तिनं काकीच्या हाताला चावा घेतला. आणि चावून झाल्यावर त्याच हाताला धरून बसली. त्यानंतर तिनं काकीचा पदर सोडला नाही. काकी विहिरीवर गेली तर विहिरीवर, परसात गेली तर परसात. काकीनं काही सांगितलं की ती पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे निरखून बघायची. भात शिजला म्हटलं तर भांड्याचं झाकण काढून बघायची. चार वर्षांच्या पोराचा आपल्यावरचा विश्वास उडाला आहे, हे काकीला दिवसभर जागोजाग टोचत राहिलं. आधीच न बसणारी बाई, आता तर तिला उभंही राहवेना.

आजार कसा चालला आहे ते तिला रोज कळत होतं. सकाळी ती मळ्याच्या बांधावर पेजेचं भांडं ठेवायची, ती मागे सरली की बा येऊन घेऊन जायचा. लांबूनच चार शब्द व्हायचे. जमनीला ती घरात बन्सीलालकाकांपाशी कोंडून जायची, आणि दार पिटल्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत यायचा. एके सकाळी बानं सांगितलं की बाळ गेलं. त्याला बांधाकडेलाच पुरलं होतं. मायला सांगितलं होतं, पण तिला रडू दिलं नव्हतं. देवीनं नेलेल्या लेकरासाठी रडायचं नाही, रडलं तर देवी कोपते, असं सगळे मानत. मायच्या दोन्ही डोळ्यांवर सूज होती. ती केळीच्या पानावर पडून होती आणि तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

त्या सकाळी काकी घरी आली, दार उघडलं आणि जमनीला म्हणाली, "चाल. तुन्ही मायपाशी जाऊ. जवळ नही, बांधवरून."

बन्सीलालकाका चिडले. म्हणाले, पाटलाला कळलं तर तो आपल्यालाच गावाबाहेर काढेल. काकी म्हणाली, मी बांध ओलांडणार नाही, आणि पोरीलाही टोचलं आहे, तिच्या दंडावर फोड आलेला आहे. टोचणारा खरंच आठवड्यापूर्वी येऊन सगळ्या पोरांना टोचून गेला होता.

दोघी बांधावर उभ्या राहिल्या. मधे केळीची रांग आणि पलीकडे झोपडीचा कूड. बा बाहेर आला. पोरीला बघून तो तिथेच थबकला, मग आत जाऊन मायला काहीतरी म्हणाला.

"तुन्ही माय म्हनस, भाकर खाय," तो बाहेर येऊन ओरडला.

जमनी म्हणाली, "बा बोली ऱ्हायना. माय बोलत नही."

आतून मायनं प्रयत्न केला असावा. घशातून एक घोगरा आवाज आला, पण तो कुणाचाही असता. जमनीनं मान हलवली. तिला तो ओळखू आला नाही. मग ती मोठ्यानं म्हणाली, "बाळ कोठे शे?"

बानं खाली बघितलं. "निजेल शे," तो म्हणाला.

काकीला हे ऐकवेना. तिनं जमनीला उचललं आणि ती परत फिरली. अर्ध्या वाटेवर आंब्याखाली जमनी म्हणाली, "बाळ इतला निजस नही." तशी काकी थांबली. तिनं पोरीला खाली उतरवलं, स्वतः मातीत तिच्यासमोर बसली.

"बाळ मरी गया, जमने," ती म्हणाली.

जमनीनं विचार केला. "आते रडस नही का तो?"

"नही."

"भूक लागस नही?"

"नही लागस. दुखतबी नही. त्याले बांधवर मातीमा ठेवेल शे."

"मन्ही माय बी मरी गयी?"

"नही. आज तुन्हा बापनी तिले पेज पाजी. आज जित्ती शे."

"सकाय?"

काकीच्या तोंडाशी 'सकाय बी राही', उद्याही राहील, हे शब्द आले होते. तिनं ते गिळले. "सकायनं माले माहीत नही. सकाय आपन इथे येऊ, तुन्हा बाले इचारू, आनि जे शे ते मी तुले सांगसु."

तेव्हा कुठे जमनी रडली. आंब्याखाली मातीत लोळून रडली, आणि काकी तिच्या शेजारी बसून राहिली. त्या वाटेनं जाणाऱ्या एका बाईनं ते बघितलं, गावात सांगितलं, आणि घरी पोचेपर्यंत बन्सीलालकाकांना खबर लागली होती.

"येवढ्याशा पोरले असं सांगतस का कोनी?" ते म्हणाले.

"मंग कोन सांगी? झोकावरल्या पोरी?"

"तुन्ही अक्कल गयी."

"गयी असेल. पन ती आज जेवनी." आणि खरंच, जमनीनं त्या रात्री पिठलं आणि अर्धी भाकर खाल्ली, आणि चुलीपाशीच झोपली.

पुढचे दिवस याच प्रश्नावर गेले. डोळा उघडला की जमनी विचारी, आज काय? दोघी बांधावर जात. बा सांगे, आज ताप आहे, आज फोड पिकले, आज उजवा डोळा उघडला. काकी ते पोरीच्या भाषेत सांगे आणि शेवटी म्हणे, आज जित्ती शे. काही सकाळी काकीचे पाय बांधाकडे निघत नसत. आज तेवढं म्हणता आलं नाही तर काय, या धास्तीनं ती दोन दोनदा घरात परत यायची, उगाच भांडी हलवायची, पुन्हा निघायची. ती सांगायची, "माले ती पोरगीच ओढी लई जाये. चाल काकी, चाल."

गावातल्या बायकांनी काकीशी बोलणं कमी केलं. अशुभ तोंडाची म्हणाल्या. जमनी मात्र रस्त्याकडे धावायची थांबली. रात्रीचं अंथरूण ओलं होतच राहिलं. ते पुढे कितीतरी महिने चाललं.

खपल्या गळून पडल्यावर माय घरी आली. कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाऊन, नवं लुगडं नेसून. सगळं तोंड खड्ड्यांनी भरलेलं, भुवया गेलेल्या, डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. अंगावरचं मांस उतरलं होतं. काकीनं जमनीला आधी सांगितलं होतं की मायचं तोंड बदललं आहे. पण सांगणं वेगळं आणि बघणं वेगळं. मायनं ओट्यावर बसून हात पुढे केले. जमनी काकीच्या मागे गेली, पदर तोंडावर ओढून घेतला आणि किंचाळली, "ही नही! ही नही!"

माय हात तसेच पुढे धरून बसली.

हे रोज घडायला लागलं. दिवसा जमनी काकीकडे, रात्रीही काकीकडे. माय गल्ली ओलांडून यायची, लांब बसायची, हाक मारायची. पोर ताठ व्हायची. काकी म्हणायची, होईल सवय, घाई नको. आणि म्हणताना जमनीच्या केसांतून हात फिरवत राहायची. एका दुपारी मायनं ते बघितलं आणि ती उठून उभी राहिली.

"बाई, तुमले गोड लागी ऱ्हायनं," ती म्हणाली.

"काय?"

"ती मन्हाकडे येत नही, याचं तुमले गोड लागी ऱ्हायनं. मी आंधळी नही व्हयनू. एक डोळा शे माले."

काकी भडकली. एवढे दिवस ज्या पोरीला सांभाळलं, जिच्यापायी गावाचं ऐकून घेतलं, त्याचं हे फळ, असं ती खूप बोलली. मायही बोलली. बन्सीलालकाका मधे पडले, बा आला. जमनी कणगीमागे जाऊन बसली. शेवटी काकी चपला न घालताच घराबाहेर पडली आणि नदीच्या रेतीत उन्हातान्हात फिरत राहिली. संध्याकाळी ती परत आली ती आमच्याच दारात. माय चुलीपाशी होती.

"गोड लागतंच व्हतं," काकी म्हणाली. एवढंच. मायनं तिला पाणी दिलं.

दुसऱ्या सकाळी काकीनं बोचकं बांधलं. जमनीला समोर बसवून सांगितलं की मी लोणखेड्याला भावाकडे जाते आहे, पावसाळ्याआधी परत येणार, मला देवी निघालेल्या नाहीत, मी मरायला चालले नाही, आणि तोवर तू तुझ्या मायच्या घरात राहायचं. जमनीनं बोचक्याची गाठ धरली. काकीनं तिची बोटं एकेक करून सोडवली. लोणखेड्यापर्यंतच्या वाटेवर, ती सांगायची, पोरीचं ओरडणं तिच्या कानात होतं. भावाकडे गेली तरी ती तिथे टिकेना. भावजयीचं घर सारवून काढलं, गोठा लोटला, आणि रोज आमच्याकडे येणाऱ्या शहाद्याच्या रस्त्यापर्यंत जाऊन माघारी आली. आमच्या गावाकडे मात्र आली नाही.

इकडे घरात मायलेकी दोघीच. बा मळ्यात. जमनी कोपऱ्यात पाठ लावून बसायची, मायनं ठेवलेलं ताट ती वळल्यावर ओढून घ्यायची. माय तिच्या जवळ जात नसे. मायचंही मन कशात लागत नव्हतं. पीठ मळताना मधेच थांबायची, दाराकडे बघायची, रिकामा पाळणा आढ्याला तसाच टांगलेला होता तो कुणाला सोडवायला सांगायची आणि लगेच नको म्हणायची.

एके दिवशी पाळणा वाऱ्यानं हलला. कोपऱ्यातून जमनी म्हणाली, "बाळ मरी गया."

मायचा हात थांबला.

"तो आते रडस नही," जमनी पुढे म्हणाली, काकीनं जसं सांगितलं होतं तसं, एकेक करून. "त्याले भूक नही. दुखत नही. बांधवर शे."

माय मला म्हणायची, तोवर त्या घरात बाळाचं नाव कुणी काढलं नव्हतं. बानं नाही, शेजाऱ्यांनी नाही. देवी कोपेल म्हणून तीही दात दाबून होती. पोरीनं ते उघड मांडलं आणि मायला हुंदका आला. एकदा आला तो थांबेना. ती परातीवर डोकं टेकून रडली, पिठाचे हात तसेच. जमनी बघत होती. तिनं आपल्या मायला यापूर्वीही कधीतरी रडताना ऐकलं असेल, की ते रडणंच तिला ओळखीचं वाटलं, कोण जाणे. ती कोपऱ्यातून उठली आणि पाठीमागून येऊन मायच्या खांद्याला टेकली. तोंडाकडे तिनं बघितलं नाही. तोंडाकडे बघायला तिला पुढे बरेच दिवस लागले, आणि आधी तिनं खड्ड्यांना बोट लावलं, "दुखस का?" म्हणून विचारलं. माय म्हणाली, "दुखत नही. खाजस." तेव्हापासून खोबरेल लावायचं काम जमनीचं झालं.

काकी पावसाआधी आली, बोलल्याप्रमाणे. जमनी धावत जाऊन तिच्या पायांना बिलगली, थोडा वेळ तिच्याबरोबर विहिरीवर गेली, आणि मग म्हणाली की घरी जाते, मायला तेल लावायचं आहे. काकी म्हणाली, जा. माय आणि काकी यांच्यात पुढेही कधी पूर्ण मोकळेपणा आला नाही. दोघी पाण्यावरून, कोंबड्यांवरून, कशावरूनही भांडायच्या. पण मी झालो तेव्हा सुइणीच्या आधी मायनं काकीला हाक मारली होती.

मी पाच वर्षांचा असताना गावात पटकीची साथ आली. हे मला स्वतःला आठवतं. आमच्या गल्लीतल्या सुकलालला गाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, त्याची बायकोही बरोबर गेली, आणि त्यांचा दोधू काकीच्या अंगणात येऊन पडला. तो माझ्याच वयाचा. दोधूची आत्या मोतीबाई मागोमाग आली. "त्याले सांगा, बाप परकाशाले जत्राले गया म्हनीसन," ती काकीला म्हणाली.

"तू सांग," काकी म्हणाली. "मी सांगनार नही."

दोधूनं विचारलंच, बा येईल का. काकी अंगणात झाडत होती. तिनं झाडू खाली ठेवला, त्याच्यापाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "तो फार आजारी शे. दवाखानामा शे, माय त्याना जवळ शे. येई का नही, माले माहीत नही. समजनं का लगेच तुले सांगसु." दोधूनं तिच्या अंगावर माती फेकली. मोतीबाईनं कपाळाला हात लावला आणि ती त्याला म्हणाली, येईल रे, नक्की येईल. त्या दिवसांत काकी आम्हा सगळ्या पोरांना घेऊन गावभर फिरायची, उकळलेल्या पाण्याचा तांब्या बरोबर. पारावर बसायचं, उठायचं, खळ्यावर जायचं, उठायचं. आमचे पाय दुखायचे. दोधू सगळ्यांच्या मागे चालायचा, पण चालायचा.

सुकलाल वाचला. हातात काठी घेऊन घरी आला. दोधू आनंदानं वेडा झाला, आणि त्यानंतर त्यानं काकीशी बोलणं सोडलं. एकदा ती दारावरून जात असताना तो ओरडला, "तू का बरं नही सांगं, येई म्हनीसन? मोतीआत्या सांगे!"

"माले माहीत नव्हतं," काकी म्हणाली.

ते उत्तर त्याला पुरलं नाही. पुढे कितीतरी दिवस काकी दिसली की तो घरात पळायचा. माय एकदा काकीला म्हणाली, बोलावून समजाव पोराला. काकीच्या डोक्यावर हंडा होता, आणि ती नेहमीसारखी घाईत होती.

"पळू दे," ती म्हणाली. "बाप घरमा शे त्याना. पळाले घर शे." आणि ती विहिरीच्या वाटेला लागली.